बंद, अर्धं, उघडं

६ ऑक्टोबर १९९७

आले एकदाची. दोन बॅगा, एक पंखा, एक गादी आणि चिनात्सुचा फोटो, एवढाच संसार. टॅक्सीवाल्यानं विचारलं, बाई, बाकीचं सामान मागच्या गाडीतून येतंय का. म्हटलं, हेच पुढचं आणि हेच मागचं.

घर छान आहे. ओइझुमीत अजून कोबीची शेतं शिल्लक आहेत हे मी विसरूनच गेले होते. गल्लीच्या टोकाला हे दुमजली घर, दारात नारिंगी फुलांचं झाड, त्याचा घमघमाट रस्त्यापर्यंत. आणि दार उघडलं की आतून व्हिनेगरचा भपकारा. दुसऱ्या कुणी नाक दाबलं असतं. मला तर माहेरी आल्यासारखं वाटलं. जुने सेल असाच वास सोडतात.

वीसेक वर्षं मी तेच काम केलं. पारदर्शक प्लास्टिकचा ताव घ्यायचा, त्यावर कार्टूनच्या रेघा उमटवलेल्या असतात, तो उलटा करायचा आणि पाठीमागून रंग भरायचा, म्हणजे समोरून रेघ स्वच्छ दिसते. त्या तावाला सेल म्हणतात. आता सगळे स्टुडिओ कॉम्प्युटरवर चाललेत. आमच्या स्टुडिओनं ऑगस्टमध्ये रंगाच्या बाटल्या टाकून दिल्या आणि आम्हा बायकांना एकेक फुलांचा गुच्छ देऊन घरी पाठवलं. गुच्छ चांगला होता, फुलदाणी मात्र स्वतःची आणावी लागली.

अशा दिवसांत कुराहाशीसानांचा फोन आला आणि माझा जीव भांड्यात पडला. ते सत्तरीच्या पुढचे आहेत. उंच, थोडे वाकलेले, बोलणं कमी, आणि नमस्कार इतका खाली वाकून करतात की आपलीच कंबर दुखावी. पूर्वी एका स्टुडिओत रंगकामाच्या खोलीचे प्रमुख होते. तो स्टुडिओ बंद पडून जमाना झाला. तेव्हापासून जुने सेल जमवतात. घरभर सपाट खणांची कपाटं आहेत. मी इथेच राहायचं आणि त्या चित्रांची देखभाल करायची.

वरची पूर्वेकडची खोली मला दिली. खिडकीजवळच्या फळीवर चिनात्सुचा फोटो ठेवला, पुढे चहा आणि एक संत्रं. कुराहाशीसान जिन्यावरून येत होते, त्यांनी दारातूनच हात जोडले आणि कोण म्हणून विचारलं. मी सांगितलं, मुलगी माझी. सहा वर्षांची होती. नऊ वर्षं होत आली. त्यांनी पुन्हा एकदा फोटोपुढे मान झुकवली. मग म्हणाले, न्हाणीत पाणी तापवलंय, आधी अंघोळ करून घ्या. बोलणं कमी असलं तरी माणूस बरा वाटला.

९ ऑक्टोबर

हात लगेच रुळला. सुती मोजे घालायचे, एकेक ताव पाकिटातून काढायचा, मधला पातळ कागद बदलायचा, थोडी हवा द्यायची, परत ठेवायचा. दमट हवेत जुना रंग मऊ होतो आणि शेजारच्या कागदाला धरून बसतो. ओढला तर अख्खा चेहरा कागदाबरोबर निघून येतो. म्हणून चिकटलेलं तसंच सोडायचं, हा आमच्यातला पहिला नियम.

आज दुपारी रित्सुकोसान आल्या. कुराहाशीसानांची बायको. तानाशीला बहिणीकडे राहतात, घटस्फोट नाही, पण एका छपराखालीही नाहीत. दर गुरुवारी येतात, स्वतः घातलेलं मुळ्याचं लोणचं आणतात, नवऱ्याचे कपडे इस्त्री करतात आणि दिवेलागणीला परत जातात. येताच मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. म्हणाल्या, हा माणूस चित्रांना रोज वारा घालतो हो, मला संसारात कधी पंखा घातला नाही. मग म्हणाल्या, तुमच्या आधीची पोरगी व्हिनेगरला कंटाळून पळाली, तुम्ही किती दिवस टिकताय बघू. मी म्हटलं, मला तर भूक लागते या वासानं. तेव्हा हसल्या आणि लोणच्याचा जास्तीचा तुकडा माझ्या ताटलीत टाकला.

रात्री गादीवर पडलं की मी चिनात्सुला एकदा पहिल्यापासून आठवते. झोपलेली चिनात्सु, ओठ मिटलेले, गालाखाली मूठ. मग हसणारी, जेवणारी, पुढचा दात पडला म्हणून शिट्टीसारखा आवाज करणारी. देवाचं नाव घ्यावं तसं रोज घेते, नेम आहे माझा. फक्त एक गोष्ट येत नाही. तिचा आवाज. घरात टेपरेकॉर्डर होता, पण रोज उठून कानावर पडणारा आवाज कोण टेप करून ठेवतं? आणि शेवटचे दिवस तिच्या घशात नळी होती. डोळ्यांनी खूप काही सांगायची. तोंडातून एक शब्द नाही. आई म्हणूनसुद्धा नाही.

१६ ऑक्टोबर

आज कुराहाशीसानांनी उत्तरेकडची खोली उघडून दाखवली. तिथे कपाट नाही. एक टेबल, त्यावर खालून उजेड देणारी प्रकाशपेटी, आणि काचेखाली एकच ताव.

एका छोट्या स्टेशनच्या फलाटावर सहा-सात वर्षांची मुलगी मागे वळून उभी आहे. कानाएवढे केस, लाल स्वेटर. कुणाला तरी हाक मारते आहे हे तिच्या मानेवरून, उचललेल्या हातावरून कळतं. पण नाकाखाली सरळ हनुवटी. तोंडच नाही.

परक्या माणसाची पाचावर धारण बसली असती. धंद्यातल्याला यात नवल नाही. चित्रातलं माणूस नुसतं बोलत असलं तर अख्खं चित्र पुन्हा पुन्हा कोण रंगवणार? शरीर एका तावावर, तोंडं वेगळ्या तावांवर. बंद, अर्धं, उघडं. ही तीन पाळीपाळीनं वर ठेवली की पडद्यावर माणूस बोलायला लागतं. ताव हलू नयेत म्हणून खाली भोकं असतात, ती टेबलाच्या खुंट्यांवर बसवायची. नव्या मुलींना आधी तोंडंच रंगवायला देतात. माझी उमेदवारी सगळी त्यातच गेली.

कुराहाशीसानांनी सांगितलं की ती मालिका मध्येच बंद पडली आणि स्टुडिओच्या अंगणात सगळ्या तावांची होळी झाली. हा एक त्यांनी वाचवला. तोंडं तेव्हापासून शोधतायत, देशभरच्या संग्राहकांना विचारून झालं. चेहरे सगळे जपतात, सुटी तोंडं कोण जपणार? ही कुणावरून काढली होती, असं मी विचारलं. म्हणाले, कुणाची तरी मुलगी स्टुडिओत टेबलाखाली खेळायची, नाव आठवत नाही. एवढं शोधता कशाला, विचारलं तर म्हणाले, तेही आठवत नाही. आणि चष्मा काढून पुसत बसले.

२३ ऑक्टोबर

शेवटी तोंड उघडलंच कुराहाशीसानांनी. तुम्ही तिला तोंडं करून द्याल का, म्हणाले.

आधी मला पटेना. जुन्या सेलवर नवी रेघ ओढणं म्हणजे आमच्यात पाप. पण ते म्हणाले, मूळ तावाला आपण कुठे हात लावतोय? तोंड वेगळ्या तावावर, नुसतं वर ठेवायचं, नको वाटलं की उचलायचं. हे मात्र खरं. वर ठेवलेला ताव म्हणजे काही बदल नव्हे. कुठलाही संग्राहक हेच म्हणेल. मी हो म्हटलं.

नमुना कुठेच नाही, मग तोंड काढायचं कुणाचं? हा प्रश्न मी उगीच लिहिते आहे. माझ्या हाताला लहान मुलीचं एकच तोंड येतं.

२५ ऑक्टोबर

बंद तोंड झालं. एवढीशी रेघ, खाली गुलाबी सावली. पण रेघेच्या डाव्या टोकाला जे किंचित वळण आहे ते चिनात्सुचं आहे, झोपेतलं. ताव खुंट्यांवर बसवला. इतकं बरोबर बसलं. ती लाल स्वेटरवाली पोर माझ्या लेकीसारखी दिसायला लागली. संध्याकाळी कुराहाशीसानांनी माझ्यासाठी भाजलेली रताळी आणली. रताळीवाल्याच्या गाडीमागे धावत गेले होते म्हणे, या वयात.

खूप दिवसांनी मी आनंदात आहे. लिहायला लाज वाटते, पण आहे.

२६ ऑक्टोबर

चिनात्सुच्या फोटोवर डाग पडला असं सकाळी वाटलं. काच पुसली. चौकट उघडून फोटो हातात घेतला. डाग नाही. नाकाखाली सरळ हनुवटी आहे, गुळगुळीत.

दमट हवा, जुना फोटो, असं मनाला सांगितलं. मग नेमाप्रमाणे झोपलेली चिनात्सु आठवायला गेले. उशी आहे. मूठ आहे. वर काही नाही.

३० ऑक्टोबर

गुरुवार. रित्सुकोसान पर्सिमॉनची टोपली घेऊन आल्या, नवरा कुठे म्हणून उत्तरेच्या खोलीत डोकावल्या, चित्रावर तोंड दिसलं आणि टोपली हातातून सुटली. फळं जिन्यावरून धडधडत खाली गेली. कुराहाशीसान खाली उतरून एकेक गोळा करत राहिले, तेवढ्यात रित्सुकोसानांनी मला माझ्या खोलीत ओढून दार लावलं.

सगळं सांगितलं. ती मुलगी कायो आहे. त्यांची दोघांची. रोज वडिलांबरोबर स्टुडिओत जायची, चित्रकारानं तिच्यावरूनच ते पात्र काढलं. मालिकेचं काम चालू असतानाच मेंदूज्वरानं गेली. तोंडं तेवढी रंगवायची राहिली होती. कुराहाशीसान म्हणाले, माझ्या मुलीचं तोंड मीच रंगवणार. घरी बसून रंगवली. बंद झालं, अर्धं झालं, आणि ते दिवसेंदिवस शांत होत गेले. रित्सुकोसानांना वाटलं, चला, सावरतोय माणूस. माणूस गेल्यावर एकोणपन्नासाव्या दिवशी विधी असतात, त्या सकाळी रित्सुकोसान स्वयंपाकघरात होत्या आणि आतून हाक ऐकू आली. बाबा. धावत गेल्या. तिन्ही तोंडं तयार होती, मुलगी हाक मारत होती, आणि कुराहाशीसान तिच्यासमोर मांडी घालून विचारत होते, अगं, कुणाची मुलगी तू?

रित्सुकोसानांनी ती तीनही तोंडं न्हाणीच्या चुलीत घातली. आवाज थांबला. नवऱ्याच्या आठवणीतून गेलेलं परत आलं नाही.

रित्सुकोसान म्हणाल्या, मी नवऱ्याला सोडलेलं नाही, पण माझ्या पोरीला न ओळखणाऱ्या माणसासमोर मला घास गिळवत नाही. मग दर गुरुवारी कशाला येता, मी विचारलं. म्हणाल्या, एखाद्या गुरुवारी विचारेल, कायो कशी होती म्हणून. तेव्हा घरात सांगणारं कुणीतरी हवं ना.

माझ्या गळ्यात पडून म्हणाल्या, हिसाएसान, आजच्या आज जाळा ते. तुमची पोर अजून तुमच्याकडे आहे.

मला सगळं कळत होतं. पण खरं सांगायचं तर मी एकच गोष्ट ऐकली, ती बोलली होती. मी विचारलं, आवाज तिचाच होता का? त्यांनी बंद दाराकडे पाहिलं. मग हो म्हणाल्या, आणि लगेच तोंडावर हात दाबला. बोलायला नको होतं हे त्यांच्याही ध्यानात आलं.

६ नोव्हेंबर

आठवडाभर मी शहाण्यासारखी वागले. तोंडाचा ताव उचलून न्हाणीत नेला, काडी पेटवली. सोबत आणलेला फोटो तिच्या उजेडात पाहिला. ताव उचलल्यावरही तोंड परत आलेलं नव्हतं. जे गेलं ते गेलंच. मग जाळून काय मिळणार? काडी बोटापर्यंत आली तशी फुंकून टाकली.

ताव परत जागेवर ठेवला. वरच्या काचेवर तिच्या ओठांसमोर वाफ धरली होती. लहानशी, बशीएवढी. मी पुसली. पुन्हा धरली.

ही खोली थंड आहे, आणि तिच्यात कुणीतरी श्वास घेतंय. भीती वाटली का? वाटली. पण बाळाच्या पाळण्याशी बसावं तशी तिथे बसून राहिले.

११ नोव्हेंबर

अर्धं तोंड झालं. ठरवून केलं नाही. हात शिवशिवत होते, ब्रश हाती आला, संध्याकाळी पाहिलं तर पुरं झालं होतं.

कुराहाशीसान म्हणाले, आता एकच राहिलं. आवाजात मुलासारखी घाई.

मी त्यांना म्हटलं, कायो तुमची मुलगी आहे. त्यांनी सभ्यपणे मान झुकवली. म्हणाले, रित्सुकोही असंच सांगते, कदाचित खरं असेल, माझ्याकडून तुम्हा सगळ्यांना त्रास होतो, माफ करा. आणि पुन्हा चित्राकडे बघत बसले. तिथून पळून जावंसं वाटलं मला. गेले नाही.

१२ नोव्हेंबर

हसणं गेलं. जेवणंही. ती काय आवडीनं खायची? ऑम्लेटभात की नूडल्स? मी रोज करून घालत होते.

फोटोत आता डोळे आणि केस.

१५ नोव्हेंबर

रस्त्यावर किमोनो घातलेल्या मुली. सात वर्षांच्या झाल्या की देवळात नेतात. हातात लांब गोळ्यांच्या पिशव्या, आया मागून ओरडतायत, धावू नका, पडाल. चिनात्सुचा किमोनो मी सहाव्या वर्षीच शिवून ठेवला होता. रंग — निळा होता बहुतेक. मी स्वतः शिवला, आणि बहुतेक म्हणतेय.

परत आले तर प्रकाशपेटीवर बंद तोंड वर होतं. सकाळी मी अर्धं ठेवून गेले होते. कुराहाशीसान बागेत होते, पानं झाडत.

२० नोव्हेंबर

रित्सुकोसान आल्या. जिना चढल्याच नाहीत. खालूनच म्हणाल्या, पोर किती राहिली तुमच्याकडे? मी म्हटलं, थोडी. त्या पायरीवर बसून रडल्या, मग डोळे पुसून म्हणाल्या, चला माझ्याबरोबर तानाशीला, बहीण घोरते, पण घर उबदार आहे. मी म्हटलं, पुढच्या गुरुवारी. त्या म्हणाल्या, पुढच्या गुरुवारी मी कुणाला नेऊ, बाई?

लोणचं ठेवून गेल्या.

वरून ओठ उघडल्या-मिटल्याचा बारीक आवाज येत होता. शब्द नाही. शब्दाला तिसरं तोंड लागतं.

२४ नोव्हेंबर

शुजीचा, माझ्या पूर्वीच्या नवऱ्याचा, फोन आला. लग्न मोडलं, तो सेंदाईला गेला, दुसरा संसार थाटला, तरी वर्षातून या एका दिवशी न चुकता फोन करतो. विचारलं, फुलं नेलीस का. मी विचारलं, कुठे. तो म्हणाला, थट्टा करू नकोस. मग म्हणाला, हिसाए, आज तिचा दिवस आहे. मी विचारलं, कुणाचा?

फोनवर तो लहान पोरासारखा रडला. मी रिसीव्हर धरून उभी. फोन ठेवल्यावर हळूहळू आठवलं. ती गेली ती तारीख, नुसती तारीख आठवली. दुःख आलंच नाही. नऊ वर्षं ज्यानं मला उभं राहू दिलं नाही ते आज आलं नाही, आणि मला ते हवंय. परत हवंय.

२७ नोव्हेंबर

रित्सुकोसान आल्या, दार वाजवलं, मी उघडलं नाही. कुराहाशीसानांनीही नाही.

हिशेब साधा आहे. उरलंय काय माझ्याकडे? एक नाव, एक इस्पितळातला पलंग, एक नळी. आवाज तर आधीपासूनच नाही. आठवणीतसुद्धा ती मुकीच राहिली. हे उरलेलंही असंच एकेक दिवस गळत जाणार. त्यापेक्षा एकदा, एकदाच तिनं मला हाक मारावी. ऐकताना एक क्षण तरी मला कळेल की ही माझी, मी हिची. मग जाऊ दे सगळं.

रित्सुकोसानांचा नवरा तेव्हा ओळखू शकला नाही. पण तो बाप होता. मी —

नाही. हा मूर्खपणा आहे हे मला माहीत आहे.

२९ नोव्हेंबर

उघडं तोंड. आधी दात, मग जीभ, मग आतला काळोख. पाठीमागून रंगवताना जे पुढे दिसायचं ते आधी भरायचं असतं — एक दात सोडायचा आहे. पुढचा. का सोडायचा ते —

सोडला.

३० नोव्हेंबर

वाळला. सकाळचं ऊन आहे. कुराहाशीसान टेबलापाशी येऊन बसलेत. दोन्ही हात मांडीवर.

लिहून ठेवते, चिनात्सु. चिनात्सु. चिनात्सु. माझी मुलगी. माझी. मला ऐकू आलं की लगेच इथे लिहीन, तुझा आवाज कसा —

ठेवते.

४ डिसेंबर

ऊन छान पडलंय. गादी कठड्यावर वाळत टाकली. रित्सुकोसान आल्या आणि वर गेल्या. तोंडाचा ताव उचलायला बघत होत्या, पण त्याचा रंग खालच्या चेहऱ्याला धरून बसलाय. ओढला तर चेहराच जाईल. त्यांनी हात मागे घेतला. मग माझे हात धरून एकच नाव पुन्हा पुन्हा घेत रडल्या. त्यांचं कुणीतरी गेलेलं असावं. मी पाठीवरून हात फिरवला, चहा करून दिला.

चित्रातली मुलगी चार दिवस आई, आई करते आहे. थांबतच नाही. आवाज थोडा बसका आहे, गोड आहे. ऐकलं की माझ्या छातीत कळ येते आणि कशाची ते समजत नाही. कुराहाशीसान म्हणतात, बिचारीला कुणीतरी उत्तर द्यायला हवं. पण मला मूलबाळ नाही, काय बोलायचं ते सुचेना. शेवटी आज जवळ जाऊन बसले. म्हटलं, रडू नको बाळ, तुझी आई येईल हं, अशी कशी येणार नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. असं कुणी माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं. नाव काय तुझं, म्हणून विचारलं. तिनं सांगितलं. लिहून ठेवते, म्हणजे तिची आई शोधत आली तर सांगता येईल. तिचं नाव चि —